मनोरुग्णाला बांधूनच ठेवावं लागतं का?

'माणूस बिथरला की साखळीशिवाय इलाज नाही' हा समज पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. घरचे लोक तो काळजीपोटीच मानतात. पण तो खरा नाही, आणि हे १८३९ सालीच दिसून आलं.

लंडनजवळच्या हॅनवेल इथल्या मनोरुग्णालयात तेव्हा सुमारे ८०० रुग्ण होते. त्या वर्षी रुजू झालेल्या मुख्य डॉक्टरांनी काही महिन्यांतच पट्टे आणि बेड्या बंद केल्या. लिंकन शहरात हे लहान प्रमाणावर त्याआधीच झालं होतं. बेड्यांच्या जागी आले सतत लक्ष ठेवणारे परिचारक, शांत बोलणं आणि फारच अनावर झालेल्यासाठी मऊ गादीच्या भिंतींची खोली. रुग्णालय कोलमडलं नाही. बांधलेला माणूस आणखी घाबरतो, झटापट करतो. आणि मला सर्वांत वाईट वाटतं ते हे, की तीच झटापट त्याच्या वेडाचा पुरावा ठरते.

पडताळायचं असेल तर आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उघडा. कलम ९५ साखळदंडाला पूर्ण मनाई करतं. कलम ९७ नुसार, तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरत्याच वेळासाठी रुग्णाला आवरून ठेवता येतं. घरात असा प्रसंग असेल तर १४४१६ हा सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक लावा.