ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड: कॅलेंडर एक, हवा दोन

या दोन देशांची नावं आपण जोडीनेच घेतो, म्हणून तिथली हवाही सारखीच असेल असं धरून चालतो. मधला टास्मान समुद्र सुमारे २००० किलोमीटर रुंद आहे, हे डोक्यात येतच नाही. ऋतूंचं कॅलेंडर मात्र खरोखर एकच: डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, जून ते ऑगस्ट हिवाळा. ऋतू थेट १ तारखेला बदलतो. पंचांग बघायची गरज नाही!

मेलबर्न आणि ऑकलंड घ्या. दोन्ही शहरं साधारण ३७ ते ३८ अंश दक्षिण अक्षांशावर. जुलैतल्या दुपारी दोन्हीकडे पारा १४-१५ अंशांच्या आसपास. उन्हाळ्यात मात्र वाटा वेगळ्या होतात. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नमध्ये ४६.४ अंश तापमान नोंदलं गेलं. ऑकलंडमध्ये ३० अंश झाले तरी लोक हैराण होतात. हा सगळा खेळ वाऱ्याचा. मेलबर्नच्या उत्तरेला खंडाचा तापलेला, कोरडा अंतर्भाग आहे. तिकडून वारा सुटला की भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं होतं. मग नैर्ऋत्येकडून समुद्रावरची थंड हवा घुसते आणि तासाभरात पारा १० अंशांनीसुद्धा उतरतो. दुपारी घाम पुसणारा माणूस संध्याकाळी जॅकेट शोधतो. ऑकलंडला वारा कुठल्याही दिशेने येवो, समुद्र ओलांडूनच येतो.

न्यूझीलंडची गंमत पावसात आहे. पश्चिमेचे ओले वारे दक्षिण बेटावरच्या सदर्न आल्प्स या डोंगररांगेवर अडतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या मिलफर्ड साउंडला वर्षाला ६००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर डोंगरांपलीकडच्या अलेक्झांड्राला जेमतेम ३५० च्या आसपास. शाळेत शिकलेली पर्जन्यछाया ती हीच. डोंगर उतरताना हाच वारा कोरडा होऊन तापतो. देशाचा उच्चांक, ४२.४ अंश, पूर्वेकडच्या रांगिओरात नोंदला गेला तो अशाच वाऱ्याच्या दिवशी. तारीख, योगायोगाने, पुन्हा ७ फेब्रुवारीच, साल १९७३.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडच्या डार्विन शहराला तर चार ऋतूंचा हिशेबच लागू नाही. तिथे नोव्हेंबर ते एप्रिल ओला काळ, बाकी कोरडा. जुलैत न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउनच्या डोंगरांवर लोक स्कीइंग करतात, तेव्हा डार्विनची दुपार ३० अंशांची असते. त्यामुळे ‘जुलैत ऑस्ट्रेलियाला काय कपडे न्यायचे?’ असं कुणी विचारलं, तर आधी शहराचं नाव विचारा. न्यूझीलंडसाठी शहर, महिना काहीही सांगा, रेनकोट बॅगेत हवाच.