तलंग की कोंबडा? तुरा बघा, पण निकाल पिसांवर लावा

पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाली की खुराड्यापाशी एकच चर्चा, यात कोंबडे किती आणि तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, किती, आणि ज्याची त्याची युक्ती वेगळी. टोकदार अंड्यातून नर निघतो म्हणे, मानेला धरून उचललं की पाय पोटाशी घेते ती मादी म्हणे, कोणी दोऱ्याला अंगठी बांधून वर धरतं. सोडून द्या हे सगळं. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत ठरतो आणि लिंग त्याच्याही आधी ठरलेलं असतं, कारण पक्ष्यांमध्ये हा निर्णय आईच्या बीजांडात होतो. आपल्यात बापाकडून ठरतं, इथे उलटं, नराची लिंग ठरवणारी गुणसूत्रं झेड-झेड आणि मादीची झेड-डब्ल्यू.

खरं सांगणारी पहिली खूण म्हणजे तुरा. नर पिल्लाचा तुरा साधारण सहा ते आठ आठवड्यांत गुलाबी-लाल व्हायला लागतो, हनुवटीखालची लोंबती कातडीही सोबत वाढते. तलंगेचा तुरा मात्र बरेच दिवस फिकट पिवळसर राहतो आणि अंड्यावर यायच्या आसपास लाल होतो. यामागे आहे टेस्टोस्टेरॉन, वृषणात तयार होणारं नर हार्मोन. १८४९ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये बर्टोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने तरण्या कोंबड्यांची वृषणं काढली, तर ते आरवेनात, भांडेनात आणि त्यांचे तुरेही वाढेनात. काहींच्या पोटात त्याने वृषण परत बसवलं, मूळ जागी नाही, दुसरीकडेच, नसांशी जुना संबंध तुटलेला, तरी तुरा नेहमीसारखा वाढला आणि आरवणंही सुरू झालं. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. हार्मोन हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता!

पण तुऱ्यावर एकट्यावर विसंबू नका, मी स्वतः फसलोय. काही ब्रीडमध्ये तुरा मुळातच मोठा असतो, त्यांच्या तलंगाही लवकर लाल होतात, आणि कळपात दबून राहणारा एखादा कोंबडा महिनोन्‌महिने फिक्या तुऱ्याने तलंगेसारखा वावरतो. माझ्याकडच्या एकाला आम्ही राणी म्हणायचो, एका पहाटे राणीने घसा फाटल्यासारखी बांग दिली. त्यामुळे तुलना करायची तर एकाच वयाच्या, एकाच ब्रीडच्या भावंडांची करा. जाड पाय, ऐटबाज चाल वगैरे बघायला हरकत नाही, पण त्यावर पैज लावू नका.

पक्की खूण येते बाराव्या आठवड्याच्या आसपास. पिल्लू काखेत धरा, शेपटीच्या अलीकडे पाठीवरची पिसं बोटाने उलटी करा आणि नवीन आलेलं एखादं पीस नीट बघा. तलंगेचं पीस रुंद आणि टोकाला गोल, चमच्यासारखं. कोंबड्याचं लांब, अरुंद, टोकदार, चकाकणारं, आणि कडेचे धागे सुटे सुटे, झालरीसारखे, कारण कडेला त्या धाग्यांना एकमेकांत अडकवणारे बारीक तंतूच नसतात. तसं एक पीस दिसलं की बहुतेक ब्रीडमध्ये विषय संपला.

आता यातली गंमत. आपल्याला वाटतं कोंबड्याचा झगमगाट त्याच्या नर हार्मोनमुळे असणार. नाही! वृषणं काढलेल्या कोंबड्यालाही तीच टोकदार पिसं येतात. ती पिसं म्हणजे या पक्ष्याचा मूळ पोशाख आणि कोंबडीचा साधा गोल-पिसांचा पोशाख तिच्या अंडाशयातलं इस्ट्रोजेन हे मादी हार्मोन मुद्दाम घडवतं. कोंबडीत बहुधा डावं एकच अंडाशय कामाचं असतं, उजवं वाढतच नाही, त्यामुळे म्हातारपणी किंवा आजारात ते एक बंद पडलं की पुढच्या पिसगळीनंतर चांगली अंडी दिलेली कोंबडी कोंबड्याची पिसं घालून फिरते, कधीकधी आरवतेसुद्धा. लोक घाबरतात, पण त्यात अपशकुन काही नाही, हार्मोन आटलंय एवढंच.

एक दिवसाच्या पिल्लांचं काय, तर घरी जमत नाही. जपानी संशोधकांनी १९२० च्या दशकात गुदद्वाराच्या आतला बारीकसा उंचवटा बघून ओळखायची पद्धत काढली, पण त्याला खूप सराव लागतो आणि अडाणी हाताने दाबलं तर पिल्लू जखमी होतं. पंखांच्या पिसांची लांबी बघून ओळखणं फक्त त्यासाठी खास जुळवलेल्या संकरातच चालतं, बाकी पिल्लांवर ते करणं म्हणजे छापा-काटा.

आणि पिसांच्या नियमालाही अपवाद आहेच. सेब्राइट नावाच्या छोट्या ब्रीडमध्ये कोंबड्याची कातडीच इस्ट्रोजेन तयार करते, त्यामुळे तो जन्मभर कोंबडीच्या गोल पिसांत असतो. पाठीवरची पिसं कितीही उलटून बघा, तिथे परत तुऱ्याकडेच यावं लागतं, नाहीतर पहाटेच्या बांगेची वाट बघत बसायचं.