क्यूआरपी : अल्पशक्तीचे हौशी रेडिओ संदेशवहन

हौशी रेडिओ (हॅम रेडिओ) केंद्रावरून मुद्दाम अगदी थोडी शक्ती वापरून दूरच्या केंद्रांशी संपर्क साधण्याची पद्धत. मोर्स संदेशासाठी ५ वॅट आणि एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे आवाज अरुंद पट्टीत पाठवण्याच्या) पद्धतीच्या बोलण्यासाठी १० वॅट शिखरशक्ती, ही मर्यादा जगभरातले हौशी पाळतात. ही शक्ती अँटेनाकडे जाणारी, बॅटरीतून ओढलेली नव्हे. १ वॅटच्याही खाली उतरले की त्याला ‘क्यूआरपीपी’ म्हणतात. आपल्याकडे देवघरात रात्रभर जळणारा जुना ‘झिरोचा बल्ब’ १५ वॅटच्या आसपास वीज खात असे. त्याच्या एक तृतीयांश शक्तीत मुंबईहून युरोपाशी दोन्ही बाजूंनी बोलणे होऊ शकते.

नाव तारायंत्राच्या काळातले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजे आणि किनाऱ्यावरची केंद्रे यांच्यासाठी ‘क्यू’ने सुरू होणारी तीन अक्षरी सांकेतिक वाक्ये ठरली. त्यांत क्यूआरपी म्हणजे ‘शक्ती कमी करा’ आणि पुढे प्रश्नचिन्ह असेल तर ‘शक्ती कमी करू का?’. वाढवण्यासाठी क्यूआरओ. जी सूचना होती तीच पुढे छंदाचे नाव झाली. अमेरिकेच्या हौशी रेडिओ नियमांत संपर्कासाठी लागेल तेवढीच किमान शक्ती वापरावी असे स्पष्ट कलम आहे. म्हणजे ही पद्धत त्या नियमाच्या अगदी आतली आहे, कुणाची लहर नव्हे.

नवख्या माणसाला पहिली शंका येते ती अशी : १०० वॅटचा संच सोडून ५ वॅटचा घेतला तर विसावा हिस्साच ऐकू येणार ना? तसे होत नाही. रेडिओचा अभिग्राही (संकेत ग्रहण करणारा भाग) आणि माणसाचा कान दोघेही गुणोत्तराने मोजतात. विसाव्या हिश्शापर्यंतची घट म्हणजे १३ डेसिबेल. संकेताचा जोर दाखवणाऱ्या संचाच्या एस-मापकावर एक घर ६ डेसिबेलचे धरतात, तेव्हा काटा दोन घरांहून किंचित जास्त खाली येतो. एस ९ चा दणदणीत संकेत एस ७ च्या जरा खाली गेला, तरी ऐकणारा आरामात लिहून घेतो. अगदी १,५०० वॅटच्या केंद्राशी तुलना केली तरी फरक सुमारे चार घरांचा. अडचण येते ती संकेत मुळातच गोंगाटाच्या काठावर असेल तेव्हा. तिथे ही दोन घरे म्हणजे संपर्क होणे आणि न होणे.

अंतर कापून देते ते आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित वरचा भाग. पृथ्वीपासून साधारण २५० ते ३५० किमी उंचीवरचा एफ थर लघुलहरींना खाली वळवतो आणि एका उडीत साडेतीन-चार हजार किलोमीटर पल्ला मिळतो. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किमी, म्हणजे किमान दोन उड्या. दिवसा ६० ते ९० किमीवरचा डी थर खालच्या बँडच्या (कमी वारंवारतेच्या पट्ट्यांतल्या) लहरी शोषून घेतो. म्हणून ७ मेगाहर्ट्झवर दुपारी पुण्याहून नागपूर किंवा हैदराबाद चांगले लागते, परदेश मात्र रात्रीच उघडतो. सूर्योदय आणि सूर्यास्ताची संधिरेषा ज्या दोन ठिकाणांना एकाच वेळी स्पर्श करते, त्यांच्यामध्ये काही मिनिटे विलक्षण सुरेख मार्ग तयार होतो. ५ वॅटवाल्याने ती मिनिटे चुकवू नयेत. सौर डागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र वर असते तेव्हा २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर अर्धा वॅटही खंड ओलांडतो. चक्र खाली गेले की तेच बँड ओस पडतात.

शक्ती हाती नसली की अँटेनाला पर्याय नाही. १४ मेगाहर्ट्झचा अर्धतरंग द्विध्रुव (लहरीच्या निम्म्या लांबीची साधी अँटेना) म्हणजे जेमतेम दहा मीटर तांब्याची तार, पण ती गॅलरीच्या कठड्याला टेकलेली असणे आणि मोकळ्या जागी उंच ताणलेली असणे यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यालगत उभी अँटेना लावली तर लहरी क्षितिजालगत कमी कोनात निघतात आणि लांब जातात. अंतराच्या हौशीसाठी कोकणचा किनारा ही निसर्गाचीच देणगी आहे. शहरात मात्र एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांचा गोंगाट समोरचा क्षीण आवाज गिळून टाकतो, म्हणून अनेक जण छोटा संच आणि बॅटरी पाठीवर टाकून डोंगर गाठतात. पावसाळ्याच्या तोंडावरची वीज हे वेगळे संकट. आकाशात गडगडाट असेल तर तार काढून ठेवायची, यात तडजोड नाही.

मोर्सला या छंदात एवढा मान का, याचे कारण भावनेपेक्षा भौतिकीत आहे. बोलण्याला सुमारे २,४०० हर्ट्झ रुंदीची पट्टी लागते, मोर्सला २५० हर्ट्झची चाळणी पुरते. आत येणारा गोंगाट दशांशावर येतो. म्हणजेच दहापट शक्ती फुकट मिळाल्यासारखे होते.

या चळवळीला घडवणाऱ्यांत १९६१ मध्ये स्थापन झालेला ‘क्यूआरपी अ‍ॅमेच्युअर रेडिओ क्लब इंटरनॅशनल’ आहे. आरंभी त्याची मर्यादा १०० वॅटची होती. ५ वॅट नंतर आले. ब्रिटनमध्ये पाद्री जॉर्ज डॉब्ज यांनी १९७४ मध्ये ‘जी-क्यूआरपी क्लब’ सुरू केला आणि ‘स्प्रॅट’ या त्याच्या नियतकालिकातून घरी जोडता येतील अशा साध्या परिपथांची परंपरा उभी केली. पहिल्या क्लबचा ‘वॅटमागे हजार मैल’ हा पुरस्कार प्रसिद्ध आहे. त्याचा हिशेब करून पाहावा : हजार मैल म्हणजे १,६०९ किमी. मुंबई-लंडन ५ वॅटवर केले तर वॅटमागे १,४४० किमीच भरतात, पुरस्कार थोडक्यात हुकतो. ४ वॅटवर केले तर मिळतो.

भारताचे या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे योगदान हैदराबादचे अश्हर फरहान (कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबतचे ओळखनाम, व्हीयू२ईएसई) यांचा ‘बिटएक्स’ हा संच. एकच प्रवर्धक (संकेत मोठा करणारा परिपथ) ग्रहण आणि प्रक्षेपण दोन्हीकडे वापरायचा ही त्यातली युक्ती. दुहेरी दिशेच्या (इंग्रजीत ‘बायडायरेक्शनल’) याच प्रवर्धकावरून नाव पडले. महागडे, परदेशी सुटे भाग टाळून बाजारात सहज मिळणाऱ्या भागांवर तो आखला होता. आयातीत टोरॉइडऐवजी (तार गुंडाळायच्या चुंबकीय कड्याऐवजी) नळाच्या वॉशरवर तार गुंडाळण्याची सोय त्यात होती. ‘परवडत नाही’ म्हणून दूर राहिलेल्या कितीतरी जणांच्या हातात त्याने पहिला एसएसबी संच दिला, आणि पुढे तो जगभर जोडला गेला. भारतात अर्थातच संच चालवण्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना लागतो, मग शक्ती कितीही कमी असो.

संगणकाने मर्यादा आणखी खाली नेली आहे. भौतिकीचे १९९३ चे नोबेल मिळालेले जो टेलर यांनी २००८ मध्ये ‘डब्ल्यूएसपीआर’ पद्धत आणली. तीत कॉलसाइन, ठिकाण आणि शक्ती एवढाच मजकूर जवळजवळ दोन मिनिटे, सुमारे ६ हर्ट्झच्या पट्टीत जातो. कानाला काहीच ऐकू येत नसताना यंत्र तो वाचते, आणि २०० मिलिवॅटची नोंद दुसऱ्या गोलार्धात होते. मार्ग उघडा आहे का हे तपासायला ते अप्रतिम आहे. संभाषण मात्र नव्हे. टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांच्या २०१७ च्या ‘एफटी८’मध्ये १५-१५ सेकंदांच्या पाळ्यांनी दुतर्फा संपर्क पुरा होतो.

अल्पशक्तीवाल्याची रीतही वेगळी आहे. तो स्वतः हाका मारत बसण्यापेक्षा जोरात ऐकू येणारे केंद्र हेरतो आणि त्याचा संपर्क संपताच नेमक्या क्षणी कॉलसाइन पाठवतो. कॉलसाइनला शेपटीसारखे ‘क्यूआरपी’ जोडण्याची काहींना सवय असते. ती टाळावी, कारण आधीच क्षीण ऐकू येणाऱ्या नावात अक्षरे वाढतात आणि समोरच्याचे कष्टही. सर्वांत अवघड मानला जातो तो दोन्ही टोकांना ५ वॅट असलेला संपर्क. त्यासाठी ही मंडळी ठरलेल्या जागी कान लावून असतात : मोर्सवर ७.०३०, १४.०६० आणि २१.०६० मेगाहर्ट्झ.