मागचा कॅमेरा बसवताय? आधी वायरीचं ऐका

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर

"भाऊ, कॅमेरा तर दिसूनच नाही राहिला." पावसाळ्यात आमच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. गाडी बहुतेक वेळा दुसरीकडून कॅमेरा बसवून आलेली असते. कधी कधी, खोटं कशाला सांगायचं, आमच्याकडचीच असते. मागचं ट्रिम (आतलं प्लास्टिकचं आच्छादन) उघडून पाहिलं तर बहुतेकदा कॅमेरा ठणठणीत निघतो, गेलेली असते ती वायर. म्हणून या पत्रकात कोणत्या कंपनीचा कॅमेरा चांगला हे कमी आणि वायरीबद्दल जास्त सापडेल.

हे चालतं कसं

तुम्ही रिव्हर्स गिअर टाकला की मागचा पांढरा दिवा लागतो. त्या दिव्याच्या वायरीत 12 व्होल्ट येतात. तिथूनच कॅमेऱ्याला वीज मिळते आणि तिथूनच एक बारीक लाल वायर पुढे डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवाल्या स्टिरिओपर्यंत जाऊन त्याला "आता मागचं दाखव" असा इशारा देते. चित्र मात्र वेगळ्या, जाड पिवळ्या पिनेच्या केबलमधून जातं. म्हणजे वीज, इशारा आणि चित्र अशी तीन कामं आहेत. बिघाड शोधताना आम्ही या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासतो. स्क्रीन काळी होते पण अंतर दाखवणाऱ्या रंगीत रेषा दिसतात, तर इशारा पोचला, चित्र पोचलं नाही. (रेषा कॅमेऱ्याच्या नसून स्टिरिओच्या असतील तेव्हाच हे खरं.) स्क्रीन बदलतच नाही, तर इशाऱ्याची वायर पाहायची. फोनवर एवढं सांगितलं तरी आमचं अर्धं काम होतं.

रिव्हर्सचा साधा बल्ब 21 वॉटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर खातो. कॅमेरा त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढीही वीज घेत नाही, त्यामुळे बॅटरी उतरण्याची भीती बाळगू नका. तरीही त्या जोडावर आम्ही 1 अँपिअरचा फ्यूज टाकतो. वायर कुठे घासून बॉडीला लागलीच, तर फ्यूज जाईल, गाडीची मूळ वायरिंग वाचेल. मालट्रक आणि बसची वायरिंग 24 व्होल्टची असते. तिथे 12 व्होल्टचाच कॅमेरा लावला तर तो पहिल्याच रिव्हर्सला संपेल. ट्रक असेल तर फोनवरच सांगा.

इलेक्ट्रिक गाडी आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. संत्र्याच्या रंगाची जाड केबल दिसली की आमचा हात तिथेच थांबतो. त्या उच्च दाबाच्या असतात आणि आपल्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नसतो. आमचं काम फक्त 12 व्होल्टच्या बाजूला.

वायर कुठून जाते

डिक्कीचं दार आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये एक घडीची रबरी नळी असते. गाडीच्या मूळ वायरी त्यातूनच जातात. आपली केबलही तिथूनच जायला हवी. ती ओढायला अर्धा तास लागतो, बोटं सोलवटतात आणि साबणाचं पाणी लावून तार घालावी लागते. घाईतला कारागीर ही नळी टाळतो आणि केबल दाराच्या फटीतून सोडतो. दिसायला काही वावगं नाही. पण डिक्की दिवसातून चार वेळा उघडते-मिटते आणि तेवढ्या वेळा ती केबल दाबली जाते. पहिल्या पावसात पाणी त्याच केबलच्या कडेने आत येतं आणि महिन्याभरात गालिच्याखाली वास सुटतो.

माझ्या स्वतःच्या पहिल्या गाडीत मीही अशीच घाई केली होती, जोडाच्या बाबतीत. शिकाऊ होतो, वायर दाबून जोडणारी निळी क्लिप नुकतीच बाजारात पाहिली होती, सोल्डरचा कंटाळा होता. दोन महिने ठीक गेले. जुलैमध्ये चित्रावर आधी एक काळी आडवी पट्टी आली, मग हिरवट झाक, मग सगळं बंद. उघडलं तर क्लिपच्या पात्याने तांब्याच्या निम्म्या तारा कापल्या होत्या आणि उरलेल्यांवर हिरवा गंज चढला होता. तेव्हापासून आमच्याकडे जोड सोल्डर करून, त्यावर गरम केली की आकसणारी नळी चढवून आणि वर कापडी टेप गुंडाळूनच होतो. साधी काळी प्लास्टिक टेप नागपूरच्या मे महिन्यात टिकत नाही. उन्हात उभ्या गाडीत तिचा गोंद पातळ होऊन सुटतो आणि हाताला चिकट काळं लागतं.

वॉरंटीतली गाडी असेल तर मूळ वायर न कापता मध्ये कपलर (खटक्याने बसणारा प्लग) घालून जोड देता येतो. त्याचे थोडे जास्त पैसे लागतात. ते द्या. उद्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने "बाहेर वायर कापली" म्हणून हात वर केले, तर तो वाद महाग पडेल.

बाजूच्या खांबांच्या आत पडद्यासारखी एअरबॅग असेल तर केबल तिच्यासमोरून कधीच ओढायची नाही, मागून न्यायची. काम सुरू करताना आम्ही बॅटरीचं निगेटिव्ह काढतो आणि पिवळ्या कपलरना हात लावत नाही. सीएनजीच्या गाडीत टाकीजवळ आणि तिच्या नळीच्या वाटेवर आम्ही ड्रिल चालवतच नाही. कुणी "काय होते?" म्हणालं तरी नाही.

नंबरप्लेटबद्दल

बाजारात नंबरप्लेटच्या फ्रेममध्ये बसणारे कॅमेरे मिळतात. आम्ही ते लावत नाही. आताच्या एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेटची कुलपं एकदा काढली की तुटतात, आणि कॅमेऱ्यासाठी प्लेट काढायची म्हणजे नवीन कुलपांची धावपळ तुमच्या गळ्यात. शिवाय कॅमेऱ्याने एक आकडा झाकला तरी चौकात थांबवायला कारण मिळतं. प्लेटवरच्या दिव्याच्या जागी बसणारा किंवा डिक्कीच्या हँडलखाली लपणारा कॅमेरा चांगला. छिद्र पाडावंच लागलं तर पत्र्याच्या उघड्या कडेला गंज रोखणारा प्रायमर आणि रबरी ग्रोमेट (छिद्रात बसणारी कडी) लावल्याशिवाय गाडी द्यायची नाही, हा आमचा नियम. तो पाळला नसेल तर पैसे देऊ नका.

चित्र विचित्र दिसतं तेव्हा

डावीकडचं उजवीकडे दिसत असेल तर कॅमेरा समोरच्या मोडमध्ये आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या वायरीला एक छोटा रंगीत वेटोळा असतो, तो कापला की चित्र आरशासारखं उलटतं आणि मागच्यासाठी बरोबर होतं. कोणता वेटोळा कशाचा हे खोक्यातल्या चिठ्ठीवर असतं. तीच चिठ्ठी सगळे फेकतात. दुसरा वेटोळा रेषांचा असतो. चुकून तोच कापला, तर रेषा जातात.

काळं-पांढरं, सरकणारं चित्र म्हणजे पाल आणि एनटीएससी या चित्राच्या दोन पद्धतींची गल्लत. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये एक पर्याय बदलला की रंग येतात. एचडी कॅमेरा जुन्या स्टिरिओला लावला तर मात्र सेटिंगने काही होत नाही. तो स्टिरिओ ते चित्र वाचूच शकत नाही. म्हणून आधी स्टिरिओचं मॉडेल पाठवा, कॅमेरा नंतर ठरवू.

काही नव्या गाड्या बल्ब ठीक आहे का हे तपासायला वायरीत विजेचे झटके सोडत असतात. अशा गाडीत चित्र लुकलुकतं. मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा झटके गाळणारा फिल्टर टाकला की थांबतं. ऑटोमॅटिक गाडीत पार्कमधून ड्राइव्हमध्ये जाताना क्षणभर मागचं चित्र चमकतं, कारण गिअर रिव्हर्सवरून जातो. तो बिघाड नाही.

चावी लावल्या लावल्या रिव्हर्स टाकलात आणि स्क्रीन रिकामी राहिली, तर अँड्रॉइड स्टिरिओला उठायला वेळ द्या. काहींना अर्धं मिनिट लागतं.

रेषांवर किती विश्वास ठेवायचा

गाडी देताना आम्ही ती दुकानासमोरच्या फरशीवर लावतो, बंपरपासून दीड फूट, तीन फूट आणि सहा फुटांवर खडूने आडव्या रेघा मारतो आणि संत्र्याचं एक रिकामं क्रेट ठेवतो. मग कॅमेऱ्याचा कोन असा वळवतो की स्क्रीनच्या तळाला बंपरची कड थोडी दिसावी आणि लाल रेघ दीड फुटावर यावी. हे करताना तुम्ही सीटवर बसा, आमचा पोरगा मागे. तुमच्या डोळ्यांना ते अंतर एकदा ओळखीचं झालं पाहिजे, कारण रुंद कोनाच्या कॅमेऱ्यात सगळं आहे त्यापेक्षा लांब दिसतं.

आणि या रेषा जमिनीवर आखलेल्या आहेत, हवेत नाहीत. कळमन्याच्या बाजारात मी एकदा टेम्पोच्या मागे गाडी घेत होतो. टेम्पोची चाकं हिरव्या रेषेपलीकडे दिसत होती. मी निश्चिंत. पण त्याच्या फाळक्यातून लोखंडी अँगल चार फूट बाहेर आला होता, माझ्या काचेच्या उंचीवर. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला, त्याला तो अँगल दिसला तोही वरच्या कोपऱ्यात आणि लांब. काच गेली. सेन्सरनेही वाचवलं नसतं, कारण तेही बंपरच्या उंचीवरच बघतात. 1 जुलै 2019 पासून भारतात नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा अजून सक्तीचा नाही. दोन्ही असणं उत्तम, पण दोन्हींच्या वरच्या बाजूला काय आहे ते मान वळवूनच कळतं.

तसंच गाडीखाली. उन्हाळ्यात महाल, इतवारीच्या गल्ल्यांत उभ्या गाडीच्या सावलीत कुत्री झोपतात, आणि मागच्या चाकाला टेकलेलं पिल्लू कोणत्याही कॅमेऱ्यात येत नाही. अंगणात लहान मुलं असतील तर आधी गाडीभोवती एक चक्कर मारा, मग आत बसा.

गाडी चालू असताना स्क्रीनवर सिनेमा दिसावा म्हणून स्टिरिओची हँडब्रेकची वायर गाडीच्या बॉडीला (अर्थला) जोडून द्या, असं कुणी कुणी सांगतात. आम्ही देत नाही.

जपणूक आणि वॉरंटी

लेन्स ओल्या मऊ फडक्याने पुसा. पेट्रोल, थिनर किंवा भांडी घासायची जाळी लावलीत तर चित्र कायमचं धुकट होईल. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, त्याचे पांढरे डाग वाळण्याआधीच पुसले तर बरं. प्रेशरने धुताना नळी कॅमेऱ्यापासून हातभर लांब ठेवायला सांगा. खोक्यावरचं आयपी 67 म्हणजे कॅमेरा 1 मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, जवळून मारलेल्या जोराच्या फवाऱ्याची ती हमी नव्हे. रात्री अंधुक दिसत असेल तर कॅमेरा बदलण्याआधी रिव्हर्सचा बल्ब तपासा. एक बाजू उडालेली असते आणि कुणाला पत्ता नसतो.

जोडाची आणि वायरीच्या वाटेची वॉरंटी आमची, एक वर्ष. कॅमेऱ्याची कंपनीची, बिलावर लिहून देतो. मध्ये दुसऱ्या कुणी ट्रिम उघडून वायर छाटली असेल तर आमची वॉरंटी संपते, पण दुरुस्तीला नाही म्हणत नाही.

काम हॅचबॅकला अडीच-तीन तास, मोठ्या गाडीला त्याहून जास्त. मार्चनंतर गाडी सकाळी नऊलाच आणा. दुपारी तापलेल्या पत्र्यावर डबल टेप नीट धरत नाही आणि जुन्या गाडीची ट्रिमची क्लिप उन्हाने कडक झालेली असते, ओढली की तुटते. कॅमेरा टेपवर बसवला असेल तर एक दिवस गाडी धुऊ नका.