अंड्याचं कवच रात्री घडतं

सकाळी खुराड्यात हात घातला तर बोटांना लागलेलं अंडं मऊ होतं, ओल्या चामड्यासारखं. उचलल्यावर ते तळहातावर बसकं झालं. वर नुसता पापुद्रा, कवच नाहीच. तयार खाद्याचं पोतं महागलं म्हणून महिनाभर कोंबड्यांना तांदळाची कणी आणि कोंडाच घालत होतो. पोटं भरत होती, म्हणून आपलं बरं चाललंय असं वाटलं.

एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. 100 ग्रॅम कणीतून मिळतं ते जेमतेम 10 मिलिग्रॅम. मग कोंबडी ते आपल्या हाडांतून काढते. तिच्या लांब हाडांच्या पोकळीत त्यासाठी खास साठा असतो, पण रोज काढत राहिलं आणि भरलं नाही तर तो किती पुरणार?

कवच घडायला सुमारे 20 तास लागतात, आणि त्यातला मोठा भाग रात्री, कोंबडी काहीच खात नसताना. इथे कोकणातली सोपी सोय कामी येते. तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, खाल्ल्या की वरच्या शिंपल्या टाकायच्या नाहीत. धुऊन, कडक वाळवून वरवंट्याने तांदळाएवढे, मसुरीएवढे तुकडे करायचे आणि संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवायचे. कोंबडीला दात नाहीत, दळायचं काम तिच्या पोटातली जाड स्नायूंची पिशवी करते. जाडसर तुकडे तिथे अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात, बारीक पूड मात्र लवकर पुढे निघून जाते. खाद्यात मिसळू नका. अंडी देणारी कोंबडी गरजेपुरतं टिपते, आणि पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं.

दुसरी उणीव प्रथिनांची. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं हवीत, कणीत 7-8 टक्केच असतात. डाळींची चुरी घातली तर आकडा वाढतो, पण अंड्याला आणि पिसांना लागणारं मेथिओनीन, म्हणजे प्रथिनांतला एक घटक, डाळींत कमी. ते माशांत भरपूर असतं. म्हणून कोळंबीची सालं, माशांची डोकी उकडून घाला, नाहीतर मूठभर सुकट. खारवलेली असेल तर आधी भिजवून मीठ काढा. अती झालं तर अंड्याला माशाचा वास येतो.

समुद्र लांब असेल तर वाळवी आहे. मडक्यात ओलसर शेण, काडीकचरा आणि गोणपाटाचा तुकडा भरायचा आणि वाळवीच्या जागी ते पालथं घालायचं. पश्चिम आफ्रिकेत टोगो, बुर्किना फासोतले शेतकरी पिल्लांसाठी हेच करतात. मडकं अंगणात झटकलं की पिल्लं कशी तुटून पडतात ते एकदा बघाच.

शेंगदाणा पेंडीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. प्रथिनं 40 टक्क्यांच्या वर, भावही परवडणारा, पण दमट हवेत तिला बुरशी धरते. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, आणि त्याच शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. शिजवूनही ते पुरतं जात नाही. पावसाळ्यात पेंड आठवड्यापुरतीच आणा. आणि पहिले दोन महिने पिल्लांना तयार खाद्यच द्या, तिथे काटकसर नको.