ब्रेकमध्ये पाणी मुरतंय

मोटरसायकलवर महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. मागे बायको, दोन्ही बाजूंना सामानाच्या बॅगा, मे महिन्याची दुपार. प्रतापगडाचा फाटा मागे पडल्यावर काही वळणांनी मागच्या ब्रेकचं पॅडल पायाखाली मऊ लागायला लागलं. पुढच्या वळणावर ते जवळजवळ तळाला टेकलं आणि गाडीच्या वेगात काहीच फरक पडला नाही. पुढचा ब्रेक शाबूत होता. गिअर खाली टाकत टाकत एका टपरीपाशी गाडी कशीबशी थांबवली. मागच्या डिस्कपाशी करपल्याचा वास येत होता.

अर्ध्या तासाने पॅडल दाबलं तर एकदम कडक. जणू काही झालंच नव्हतं. पोलादपुरात मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने पॅडल दाबलं, चाक फिरवलं, ऑइलची पातळी पाहिली आणि म्हणाला, "साहेब, ब्रेक ओके आहे की. कुठे काय?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. हा दोष थंड ब्रेकमध्ये दिसतच नाही. घरी आल्यावर मागच्या कॅलिपरचं (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणारा भाग) निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा पोकळ स्क्रू, सोडलं आणि पारदर्शक नळीतून कोऱ्या चहाच्या रंगाचा द्रव बाहेर आला, तेव्हा उलगडा व्हायला लागला. गाडी साडेचार वर्षांची होती आणि ऑइल कारखान्यातून भरून आलेलं, तेच.

बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. ब्लेझ पास्कलचं हे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापलं गेलं. मोटारीच्या चारही चाकांना त्यावर चालणारे ब्रेक १९२१च्या ड्यूसेनबर्ग गाडीने दिले, आणि १९६९च्या होंडा सीबी ७५० नंतर मोटरसायकलींवर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हळूहळू रुळला. आकडे घालून पाहू. पुढचा लिव्हर तुम्ही बोटांनी पाच किलोच्या जोराने ओढला. लिव्हरच्या तरफेने तो सहापट झाला, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरपाशी द्रव ढकलणारी नळकांडी) पिस्टनवर तीस किलो. हा पिस्टन १४ मिलिमीटर व्यासाचा आणि खाली कॅलिपरात ३० मिलिमीटरचे दोन पिस्टन असतील, तर क्षेत्रफळ नऊपटीहून थोडं जास्त भरतं. पॅडवर पडतो पावणेतीनशे किलोच्या आसपासचा दाब. पाच किलोचे पावणेतीनशे!

पण हे फुकट मिळत नाही. जोर वाढतो त्या प्रमाणात सरकण्याचं अंतर घटतं. मास्टर सिलिंडरचा पिस्टन एक सेंटिमीटर सरकला तर खाली ढकलला जातो जेमतेम दीड मिलिलिटर द्रव. एवढ्याशा मापावर सगळा ब्रेक उभा आहे. द्रव दाबाने जवळजवळ आकसत नाही म्हणून हे जमतं. हवा मात्र आकसते. वातावरणाच्या वीसपट दाबाखाली ती विसाव्या हिश्शाएवढी होते, आणि असा दाब ब्रेकमध्ये सहज तयार होतो. नळीत एक मिलिलिटरचा बुडबुडा असेल तर दीड मिलिलिटरमधला बराचसा भाग तो बुडबुडा चेपण्यातच खर्च होतो.

माझ्या ब्रेकमध्ये बाहेरून हवा शिरली नव्हती. बुडबुडा आतच तयार झाला होता.

गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून ३०० किलो धरा. ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबताना ब्रेकला सुमारे ४२ हजार ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. डिस्क तापते, वारा लागतो, निवते. घाटाचं गणित वेगळं. महाबळेश्वरपासून पोलादपूरपर्यंत आपण बाराशे मीटरहून जास्त खाली येतो. त्यात ३५ लाख ज्यूल मोकळे होतात. म्हणजे साठच्या वेगावरून चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी वेळा थांबल्यासारखं. तेवढ्या उष्णतेत दहा-अकरा लिटर साधं पाणी उकळीला येईल. यातला वाटा वारा उचलतो, गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन उचलतं, आणि उरलेलं सगळं ब्रेकच्या माथी. मी तर उतारभर मागच्या पॅडलवर पाय टेकवून बसलो होतो. बरेच जण बसतात. मागची डिस्क लहान, तिला निवायला उसंतच नाही. उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून त्याला चिकटून असलेल्या द्रवात उतरत राहते.

आता तो द्रव. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. आपल्या बहुतेक मोटरसायकलींत ग्लायकॉल ईथरवर आधारलेला डॉट ३ किंवा डॉट ४ द्रव असतो (डॉट म्हणजे ब्रेकच्या द्रवाची मानक प्रत). तो पाण्यात विरघळतो आणि हवेतलं बाष्प शोषून घेतो. रबरी नळी आपल्याला घट्ट वाटते, पण पाण्याचे रेणू तिच्या भिंतीतून महिनोन्‌महिने हळूहळू आत झिरपत राहतात. कोकणातला पावसाळा काढलेल्या गाडीबद्दल तर बोलायलाच नको. डॉट ४ साठी मानक असं सांगतं की, ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. शंभरात चार भागसुद्धा पाणी नाही आणि डॉट ४ मध्ये पाऊणशे अंशांचा फरक!

त्या तापमानाला कॅलिपरमधलं पाणी वाफ होऊन सुटतं. नेहमीच्या हवेच्या दाबाला पाण्याची वाफ मूळ पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा व्यापते. एक थेंब, म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग धरला, तरी त्याची वाफ ऐंशी मिलिलिटर. तिकडे ढकलायला दीड मिलिलिटर द्रव. पॅडल तळाला जाणारच. गाडी निवली की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पाणी द्रवात विरघळतं आणि मेकॅनिकच्या हाती कडक पॅडल लागतं. एक फरक इथेच सांगून ठेवतो. ब्रेक कडक लागतोय पण गाडी थांबत नाहीये, तर पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. ब्रेक मऊ पडला तर द्रव उकळला, किंवा हवा आहे.

मग पाणी न शोषणारा द्रव का नाही भरत? असा द्रव आहे. डॉट ५ सिलिकोनचा असतो आणि पाण्याला थारा देत नाही. पण आत शिरणारं पाणी शिरतंच, आणि विरघळायला वाव नसल्यामुळे थेंबाथेंबाने सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे नेमकं कॅलिपरात साचतं. तिथे ते गंज धरवतं आणि शंभर अंशांच्या आसपासच उकळतं. ग्लायकॉलचा द्रव ते पाणी सगळीकडे वाटून घेतो, एका जागी साचू देत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्याला आपण खोड म्हणतो, ती त्याची राखणदारी आहे. फक्त त्याची पाणी पचवण्याची ताकद संपायच्या आत तो बदलायचा. बहुतेक कंपन्या दोन वर्षांची मुदत देतात, गाडी कितीही कमी चालली तरी. आणि डॉट ५.१ हा डॉट ५ चा भाऊ नव्हे. तो ग्लायकॉलवाल्यांतला आहे. मास्टर सिलिंडरवरच्या द्रवाच्या डबीच्या झाकणावर जो आकडा कोरलाय तोच भरावा.

रंगावर फार विसंबू नये. काळपट द्रव जुना असतो हे खरं, पण पाण्याला रंग नसतो. फिकट दिसणाऱ्या द्रवातही ते मुरलेलं असू शकतं.

त्या रविवारी दोन्ही ब्रेक फ्लश केले, म्हणजे जुना द्रव काढून नवा भरला. आधी टाकीवर जुनी चादर आणि शेजारी पाण्याची बादली, कारण हा द्रव रंगावर सांडला तर रंग सोलून काढतो. सांडलाच तर पुसत बसायचं नाही, लगेच भरपूर पाणी ओतायचं. डबीचं झाकण उघडून जुना द्रव सिरिंजने ओढून घेतला. तळाशी काळा गाळ होता, तो कपड्याने टिपला. हे आधी केलं नाही तर तोच गाळ आपण आपल्या हाताने नळीतून खाली पाठवतो. मग डबी नव्या द्रवाने भरली. बाटली नवीकोरी, सीलबंद. गेल्या वर्षी फोडलेली अर्धी बाटली वापरू नये. ती फडताळात बसल्या बसल्या पाणी पीत असते.

मुलगा लिव्हरवर, मी खाली आठ नंबरचा पाना घेऊन. निपलवर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत थोड्या द्रवात बुडवलेलं. "दाब." तो लिव्हर दाबतो. "धर." मी निपल पाव आटा सोडतो, नळीतून काळपट धार येते, लिव्हर मुठीपर्यंत जातो. मी निपल आवळतो आणि मग म्हणतो, "सोड." हा क्रम उलटला, निपल उघडं असताना लिव्हर सुटला, की नळीतून किंवा निपलच्या आट्यांमधून हवा आत ओढली जाते. चार-पाच दाबांनंतर डबीत डोकवायचं, कारण तिथला द्रव संपला तर वरून हवा घुसते आणि सगळं पहिल्यापासून. विसाव्या-पंचविसाव्या दाबाला नळीतला काळा रंग मधासारखा झाला, मध्ये दोन-तीन काळे कण गेले, मग फिकट पिवळी, काचेसारखी धार. एका ब्रेकमध्ये चहाच्या कपाहूनही कमी द्रव असतो. पाव लिटरची बाटली पुरून उरते.

लिव्हर रात्रभर बांधून ठेवायची युक्ती पुष्कळ जण सांगतात. तिने बारीक बुडबुडे वर चढतात हे खरं, पण मुरलेलं पाणी वर चढत नाही. ते जुन्या द्रवासोबतच बाहेर काढावं लागतं.

आता सफाई, आणि इथे मला कळकळीने सांगायचंय. गॅरेजमध्ये कॅलिपर उघडला की पेट्रोल, डिझेल नाहीतर रॉकेलच्या डब्यात बुडवतात. ग्रीस निघतं, धातू लखलखतो. पण ब्रेकमधलं सील ईपीडीएम रबराचं असतं, आणि या रबराला खनिज तेलाचा स्पर्श सोसत नाही. ते फुगतं, मऊ पडतं. डबीत चुकून इंजिन ऑइल टाकलं तरी तेच. मग सगळी रबरं बदलण्याला पर्याय नाही. कॅलिपर ब्रेक क्लीनरने, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने किंवा सरळ साबणाच्या पाण्याने धुवावा आणि पूर्ण वाळवावा.

या सीलवर एवढा भर देण्याला कारण आहे. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग कॅलिपरात नसतेच. पिस्टनभोवतीचं चौकोनी काटाचं रबर पिस्टन पुढे जाताना किंचित पिळवटतं, आणि दाब सुटला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे आणतं. बस, तेवढीच जागा पॅड आणि डिस्कमध्ये. पिस्टनवर चिखल वाळलेला असेल किंवा सीलच्या खाचेत ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी जमली असेल, तर ते केसभर अंतरही मिळत नाही. पॅड घासत राहतात, चाक जड फिरतं, डिस्क विनाकारण तापते. म्हणून नवे पॅड टाकताना पिस्टन आत ढकलण्याआधी त्याची उघडी कड पुसून घ्यावी. खाचेतली भुकटी लाकडी काडीने काढावी. लोखंडी अणीने ओरखडा पडला की तिथून गळती.

मास्टर सिलिंडरच्या डबीच्या तळाशीही एक सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. लिव्हर सोडल्यावर तापून फुगलेला द्रव त्यातून डबीत परततो. गाळाने ते बुजलं की द्रवाला परतायला वाट नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. घाटात हा प्रकार मऊ पॅडलपेक्षाही वाईट.

डबीतली पातळी थोडी खाली गेलेली दिसली म्हणून लगेच वरून ओतू नये. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्यामागची जागा द्रव भरून काढतो. आधी पॅड पाहा. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल तर गळती शोधा.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. एबीएसच्या युनिटमध्ये बारीक झडपा असतात आणि त्यांच्यामागचा थोडा द्रव नेहमीच्या फ्लशिंगमध्ये हलत नाही. काही गाड्यांत तो बदलायला संगणक जोडून झडपा उघडाव्या लागतात, तेव्हा अशी गाडी ज्याच्याकडे ते यंत्र आहे त्याच्याकडेच न्यावी. ऑइल वेळच्या वेळी बदललं तर त्या झडपांपर्यंत गंज पोचत नाही.

काढलेला जुना द्रव विषारी असतो, गटारात ओतू नका. मी तो बाटलीत बंद करून, विषारी अशी चिठ्ठी चिकटवून, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवतो आणि शहराच्या घातक कचरा संकलनात देतो. मग गाडी बंद असतानाच दोन्ही ब्रेक दहा-बारा वेळा दाबायचे, लिव्हर आणि पॅडल ठरावीक जागी कडक थांबतात का ते पाहायचं, निपलपाशी कोरडं बोट फिरवून ओल लागते का बघायचं. त्यानंतर गल्लीतल्या गल्लीत, चालण्याच्या वेगाने, पहिली फेरी.