कुठलं साल, कुठला कागद: ब्राझील आणि उरुग्वेच्या स्थलांतरितांची पार्श्वभूमी

अमेरिका, स्पेन किंवा पोर्तुगालमधल्या स्थलांतरितांचं उत्पन्न, शिक्षण, घरमालकी यांची आकडेवारी चाळताना ब्राझील आणि उरुग्वे यांची तुलना करायचा मोह होतो. देश शेजारी, दोन्हीकडे फुटबॉलचं वेड, दोन्हीकडे लष्करी राजवट येऊन गेलेली. मग आकड्यांत फरक दिसला की निष्कर्षही तयारच असतो: उरुग्वेचे लोक शिकलेले आणि युरोपीय वळणाचे, म्हणून ते परदेशात चटकन रुळतात, ब्राझीलचे लोक कष्टाळू, पण धुण्या-पुसण्याच्या कामात अडकलेले. हा निष्कर्ष मला आळशी वाटतो. माणसं कुठल्या साली निघाली, त्यांच्या खिशात कुठला कागद होता आणि पोचली तिथे कुठलं काम उभं होतं, हे पाहिलं की स्वभावगुणांची गरजच उरत नाही.

आधी आकारमान. ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींच्या वर आहे. परदेशात राहणारे ब्राझिलियन साधारण ४५ लाख असावेत, असा तिथल्या परराष्ट्र खात्याचा अलीकडचा अंदाज होता. म्हणजे शंभरात दोन-सव्वादोन. उरुग्वेची सगळी लोकसंख्या जेमतेम ३५ लाख, आणि बाहेर असलेले पाच लाखांच्या पुढे मोजले जातात. ब्राझीलमध्ये परदेशी जाणं ही काही गावांची आणि काही पेशांची गोष्ट आहे. उरुग्वेत ती घरोघरची आहे. देशात एकोणीस प्रांत असताना परदेशस्थांना ‘विसावा प्रांत’ म्हणायची पद्धत पडली आणि सरकारने त्याच नावाने त्यांच्यासाठी कार्यक्रमही सुरू केला.

गंमत अशी की उरुग्वे हा मुळात येणाऱ्यांचा देश. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला स्पेनच्या गॅलिसियातून, कॅनरी बेटांतून आणि इटलीतून जहाजं भरभरून माणसं राजधानी मोंतेविदेओला उतरली. १८७७ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. लोकर आणि मांस विकून देश सुखात होता. कोरियन युद्धानंतर लोकरीचे भाव पडले, साठच्या दशकात महागाई आणि संप वाढले, आणि २७ जून १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष बोर्दाबेरी यांनी लष्कराच्या साथीने संसद बरखास्त केली. विद्यापीठ सरकारने ताब्यात घेतलं, प्राध्यापक घरी बसवले गेले, कामगार पुढारी तुरुंगात गेले.

पहिला लोंढा नदीपलीकडे अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसला गेला. तिथेही १९७६ च्या मार्चमध्ये लष्कर आलं आणि मे महिन्यात सेल्मार मिचेलिनी आणि एक्तोर गुतिएर्रेस रुइस या उरुग्वेच्या दोन निर्वासित संसद सदस्यांना घरातून, हॉटेलातून उचलून मारण्यात आलं. त्यानंतर मेक्सिको, स्पेन, फ्रान्स, स्वीडन अशी पांगापांग झाली. २६ डिसेंबर १९८३ रोजी युरोपातून एक विमान मोंतेविदेओला उतरलं, त्यात निर्वासितांची १५४ मुलं होती. आईवडिलांना देशात पाय ठेवता येत नव्हता, म्हणून मुलांना आजी-आजोबांना भेटायला पाठवलेलं. विमानतळापासून शहरापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. लोकशाही परतल्यावर १९८५ मध्ये परत येणाऱ्यांच्या मदतीसाठी राष्ट्रीय आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी मूलभूत विज्ञानांसाठी पेदेसीबा नावाची योजना आली, तिच्यामागे बाहेर गेलेले शास्त्रज्ञ परत आणण्याचा हेतू होता.

‘शिकलेला उरुग्वेयन’ ही प्रतिमा या पिढीतून आली. त्यात प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार होते, आणि स्वीडनसारख्या देशाने त्यांना रीतसर आश्रय दिला: घर, भाषेचे वर्ग, कामाचा परवाना. पण त्याच काळात याहून कितीतरी अधिक लोक निव्वळ पगारासाठी अर्जेंटिनात गेले. त्यांत गवंडी होते, दुकानात काम करणारे होते. त्यांच्यावर फार कुणी लिहिलं नाही, कारण ते स्वतः लिहिणाऱ्यांपैकी नव्हते.

ब्राझीलचा क्रम याच्या उलट. तिथे लष्करी राजवट १९६४ ते १९८५ अशी २१ वर्षं चालली, पण देशाच्या आकाराच्या मानाने निर्वासित थोडे, आणि १९७९ च्या राजकीय माफीनंतर बरेचसे परतले. मोठ्या प्रमाणावर देश सोडणं सुरू झालं ते लोकशाही येत असताना. ऐंशीचं दशक परकीय कर्जाचं आणि महागाईचं. मार्च १९९० मध्ये एका महिन्याची महागाई ८० टक्क्यांवर गेली, आणि त्याच महिन्यात नवे राष्ट्राध्यक्ष कोलोर यांनी ठरावीक रकमेवरची बँकेतली बचत गोठवली. शिक्षक, बँकेतले कारकून, छोटे दुकानदार अशा मध्यमवर्गाने तिकिटं काढली. म्हणजे ब्राझीलहूनही शिकलेलीच माणसं निघाली होती. फरक पडला तो पुढे.

मिनास जेराइस राज्यातलं गव्हर्नादोर वालादारेस हे शहर या गोष्टीत टाळता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात विजेच्या उपकरणांसाठी अभ्रकाची मागणी वाढली, अभ्रक या भागात होता, म्हणून अमेरिकन अभियंते तिथे आले. त्यांच्या ओळखीने साठच्या दशकात काही तरुण अमेरिकेला गेले, आणि ऐंशीच्या दशकात अर्धं शहर त्यांच्या मागे निघालं की काय, असं वाटावं अशी गत झाली. ती मंडळी पोचली मॅसेच्युसेट्समध्ये, कारण तिथे अझोर्स बेटांवरून आलेल्या पोर्तुगीजांची जुनी वस्ती होती. पोर्तुगीज बोलणारं चर्च, बेकरी, वकील, सगळं तयार. बॉस्टनजवळचं फ्रेमिंगहॅम, न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा आयर्नबाउंड भाग, कनेक्टिकटमधलं डॅनबरी अशी ठाणी पडत गेली.

कागद मात्र तयार नव्हता. पर्यटक व्हिसावर येऊन राहायचं, नाहीतर मेक्सिकोच्या वाटेने सीमा ओलांडायची. २००५ मध्ये मेक्सिकोने ब्राझिलियनांना व्हिसा लावला तो याच वाटेमुळे. कागद नसला की पदवी पेटीतच राहते. बायका घरं साफ करू लागल्या, पुरुष बांधकामावर आणि हॉटेलच्या भटारखान्यात. घरसफाईचा त्यांनी एक व्यवस्थित धंदा केला: एका बाईकडे ठरलेली घरं असतात, आठवड्याची किंवा पंधरवड्याची पाळी लागलेली, हाताखाली एक-दोन मदतनीस. तिला गावी परतायचं असलं की ती घरांची ही यादी पागडी घेऊन दुसरीला विकते. मदतनीस म्हणून आलेली बाई दोन-तीन वर्षांनी स्वतःची यादी विकत घेते. मिळकत वाईट नाही, वालादारेसमध्ये मजल्यावर मजले चढले ते याच पैशातून. पण आकडेवारीत ही बाई ‘कमी कौशल्याचं काम’ या रकान्यात पडते. पेन्शन नाही, घरकर्ज अवघड, आणि एका घरून दुसऱ्या घरी जायला गाडी लागते तर गाडीचा परवाना नाही. वास्तव्याचा कागद नसतानाही परवाना मिळावा असा कायदा मॅसेच्युसेट्समध्ये लागू व्हायला जुलै २०२३ उजाडला.

आता उरुग्वेची दुसरी लाट पाहा, म्हणजे स्वभावाच्या गप्पा तिथेच थांबतात. २००१ मध्ये लाळ्या-खुरकूत रोगाने मांसाची निर्यात अडली. डिसेंबरात अर्जेंटिनाने बँकेतल्या पैशांवर निर्बंध घातले, तेव्हा अर्जेंटिनी ठेवीदारांनी उरुग्वेच्या बँकांतले आपले डॉलर काढायला सुरुवात केली. २००२ च्या जुलैअखेर सरकारने बँकाच बंद ठेवल्या. तोवर जवळपास निम्म्या ठेवी गेल्या होत्या. तरुणांनी देश सोडला. उरुग्वेच्या नागरिकांना तेव्हा अमेरिकेला पर्यटनासाठी व्हिसा लागत नव्हता. पासपोर्ट दाखवायचा, ९० दिवसांचा शिक्का घ्यायचा आणि एक्याण्णवाव्या दिवशी बेकायदा व्हायचं. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेने ही सवलत काढून घेतली, ती नेमकी यामुळे. जनगणनेत स्वतःला उरुग्वेयन म्हणवणारे २००० साली १८,८०४ होते, २०१० साली ५६,८८४. पहिल्या खेपेच्या प्रश्नावलीतून काही लोक निसटले होते हे धरलं तरी वाढ दांडगी आहे.

हे लोक न्यू जर्सीच्या एलिझाबेथमध्ये आणि मॅसेच्युसेट्सच्या लेमिन्स्टर-फिचबर्गसारख्या कारखान्यांच्या गावांत राहिले. कामं बांधकामाची, सफाईची, कारखान्यातली. तीच मोफत सक्तीची शाळा शिकलेली, तीच युरोपीय आडनावं, पण कागद नसल्याबरोबर त्यांचं आयुष्य तासाभरावरच्या फ्रेमिंगहॅममधल्या ब्राझिलियनांसारखं झालं. दोन्ही समाजांची खरी तुलना करायची तर ती इथे करावी.

आणि नेमकी इथेच मोजणी घोळ घालते. अमेरिकेच्या व्याख्येत उरुग्वेयन हे ‘हिस्पॅनिक’ आहेत, ब्राझिलियन नाहीत, कारण ते पोर्तुगीज बोलतात. कुणी अर्जात ‘हिस्पॅनिक, ब्राझिलियन’ असं लिहिलं तर जनगणना खातं नंतर ते बदलून टाकतं. २०२० च्या एका सर्वेक्षणात ही दुरुस्ती चुकून राहून गेली आणि एरवी चौदा-पंधरा हजार दिसणारे हिस्पॅनिक ब्राझिलियन एकदम चार लाखांवर गेले. तेव्हा कळलं की दोनतृतीयांशांहून जास्त ब्राझिलियन स्वतःला हिस्पॅनिक समजतात. त्यांना विचारलं कुणी नव्हतं.

स्पेनमध्ये घोळ उलट्या बाजूचा. उरुग्वेत जन्मलेले आणि उरुग्वेचे नागरिक म्हणून नोंदलेले हे दोन आकडे तिथे जुळत नाहीत. पहिला बराच मोठा. कारण आजोबा गॅलिसियाचे किंवा जिनोआचे असले की नातू स्पॅनिश किंवा इटालियन पासपोर्टवर उतरतो, आणि परदेशी नागरिकांच्या यादीत येतच नाही. गोव्यात पोर्तुगीज राजवटीतल्या जन्मदाखल्यावर लिस्बनचा पासपोर्ट काढून इंग्लंड गाठणारी कुटुंबं पाहिलेल्यांना हा मार्ग समजावून सांगायला नको. नागरिकत्वावरून केलेल्या तक्त्यात मग तेच उरुग्वेयन उरतात ज्यांच्याकडे असा आजोबा नव्हता. शिवाय १८७० चा एक स्पेन-उरुग्वे करार आहे, दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात व्यवसाय करू देणारा. त्याच्या आधारे स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने उरुग्वेच्या लोकांच्या बाजूने निकाल दिले. ब्राझिलियनांच्या हातात असा जुना करार नव्हता.

मग सगळं कागदावरच ठरतं का? जपान हे त्याचं अडचणीचं उत्तर आहे. १९०८ मध्ये कासातो मारू जहाजातून ७८१ जपानी ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरले, कॉफीच्या मळ्यांवर राबायला. त्यांची नातवंडं साओ पाउलोत डॉक्टर-इंजिनियर झाली. १९९० मध्ये जपानने कायदा बदलून तिसऱ्या पिढीपर्यंतच्या वंशजांना राहण्याची आणि कुठलंही काम करण्याची मुभा दिली. कारखान्यांना माणसं हवी होती आणि सरकारला ‘परके’ नको होते. पक्का कागद, पगार चांगला, २००७ पर्यंत संख्या तीन लाखांच्या पुढे.

तरीही घडी बसली नाही. नोकरी कारखान्याची नसे, माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराची असे. घर ठेकेदाराचं, बस ठेकेदाराची. हामामात्सू, ओइझुमी, तोयोता शहरातली होमी वसाहत, काम असेल तिकडे कुटुंब हलायचं. परदेशी मुलांना जपानमध्ये शाळा सक्तीची नाही. कुणी ब्राझिलियन शाळेत गेलं, कुणी जपानी शाळेत मध्येच गळालं, कुणी पंधराव्या वर्षी कारखान्यात लागलं. ‘दोन वर्षांत परत जायचंय’ हे वाक्य दहा-दहा वर्षं चाललं आणि त्या भरवशावर मुलांच्या शिक्षणाचा निर्णय लांबत राहिला. २००८ च्या मंदीत ठेकेदारांची माणसं आधी कमी झाली. २००९ मध्ये सरकारने परत जाणाऱ्या कामगाराला तीन लाख येन आणि कुटुंबातल्या दर माणसामागे दोन लाख देऊ केले, पण त्याच वंशज-व्हिसावर लगेच परत यायचं नाही या अटीवर. वीस हजारांवर ब्राझिलियनांनी पैसे घेतले. कागद होता, पण तो कामगाराला मिळालेला होता, रहिवाशाला नव्हे.

पोर्तुगालमध्ये भाषा एकच असूनही गाडी सरळ चालली नाही. तिकडे आधी पोचले ते ब्राझिलियन दंतवैद्य. त्यांच्या पदव्या मानायच्या की नाही यावर नव्वदच्या दशकात दोन्ही सरकारांत तंटा झाला. त्यानंतरची लाट हॉटेल, बांधकाम आणि घरकामातली. २००३ मध्ये ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लूला यांच्या भेटीच्या वेळी झालेल्या कराराने हजारोंना कागद मिळाले. त्याच वर्षी ब्रागान्सा या गावातल्या स्थानिक बायकांनी ब्राझिलियन वेश्यांविरुद्ध अर्ज केला, त्याचा युरोपभर गवगवा झाला, आणि त्याची झळ कुठल्याही ब्राझिलियन बाईला घर भाड्याने घेताना लागत राहिली. २०२३ अखेर पोर्तुगालात साडेतीन लाखांहून अधिक ब्राझिलियन नोंदलेले होते, परदेशी लोकांत सर्वांत मोठा गट. शेजारच्या पाराग्वेत तर सोयाबीनच्या मोठ्या जमिनी ब्राझिलियनांच्या हातात आहेत आणि तिथला भूमिहीन शेतकरी त्यांच्याविरुद्ध आंदोलन करतो. ‘ब्राझिलियन स्थलांतरित’ म्हणून सरासरी काढणारे या सोयावाल्याला विसरतात.

मायदेशाशी असलेल्या नात्यातही फरक आहे. ब्राझिलियन नागरिक परदेशातून राष्ट्राध्यक्षासाठी मत देऊ शकतो. उरुग्वेयनाला मतदानासाठी देशातच यावं लागतं. ब्वेनोस आयरेसचे लोक निवडणुकीच्या दिवसांत बोटी भरून येतात, स्टॉकहोमच्या माणसाला ते परवडत नाही. टपाली मताचा प्रस्ताव २००९ च्या ऑक्टोबरात सार्वमताला आला आणि पडला. इतकी माणसं बाहेर असलेल्या देशाने तो पाडावा हे चमत्कारिक वाटतं. पण बाहेरची मतं डावीकडे झुकतील आणि निकाल फिरवतील, ही धास्ती तिथे उघड होती.

हे दरवाजे सध्या पुन्हा हलत आहेत. स्पेनने २०२२ च्या स्मृती कायद्याने यादवी युद्ध आणि हुकूमशाहीमुळे स्पेन सोडलेल्यांच्या नातवंडांसाठी नागरिकत्वाची वाट काही वर्षं रुंद केली. पोर्तुगालने जून २०२४ मध्ये आधी येऊन मग अर्ज करण्याची सोय बंद केली. इटलीने २०२५ मध्ये वंशाच्या आधारावरचं नागरिकत्व साधारण आजी-आजोबांच्या पिढीपर्यंत आणून ठेवलं. या शेवटच्या बदलाचा फटका दोन्ही देशांना आहे, पण ब्राझीलमध्ये तो साओ पाउलो आणि दक्षिणेकडच्या राज्यांतल्या इटालियन वंशाच्या घरांना. वालादारेसच्या बहुतेकांकडे तो आजोबा पूर्वीही नव्हता.